दोन सृष्टिकथा आणि पाथरीचा ज्योतिषी



व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी अगदी आदबीने विचारलं, "सर, परभणीत बायबल?" प्रश्न रास्त होता. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी वर्गात एक शिस्त लावली होती: दुसऱ्याचा ग्रंथ वाचताना जितका चिकित्सकपणा दाखवाल, तितकाच आपला वाचतानाही दाखवा. आज मी तेच करणार आहे. सुरुवात दुसऱ्याच्या ग्रंथापासून करू. आपल्या ग्रंथापर्यंत पोचायला परभणी जिल्ह्याची हद्दसुद्धा ओलांडावी लागणार नाही.

बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती. त्याचे पहिले दोनच अध्याय सलग वाचा. मराठी प्रत चालेल, हिब्रू येण्याची गरज नाही. पहिल्या अध्यायात सगळीकडे पाणी आणि अंधार आहे. देव बोलतो आणि गोष्टी होतात. पहिल्या दिवशी प्रकाश. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं करणारं अंतराळ. तिसऱ्या दिवशी जमीन, गवत, फळझाडं. चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे. पाचव्या दिवशी मासे आणि पाखरं. सहाव्या दिवशी जनावरं आणि सर्वांत शेवटी माणूस, नर आणि नारी एकदमच. सातव्या दिवशी विश्रांती. सगळं कसं शिस्तीत, कवायतीसारखं. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात आणि पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने त्या जागांवर वस्तीला कोण येणार ते ठरतं. लिहिणाऱ्याने आराखडा आधी आखला आहे, हे उघड दिसतं.

आता दुसरा अध्याय. इथे पाण्याचा सुकाळ नाही, कोरडं रान आहे. पाऊस पडलेला नाही, म्हणून झुडूप नाही, आणि शेत कसायला माणूस नाही. ही ओळ मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. देव इथे हुकूम सोडत नाही. तो कुंभारासारखा माती घेऊन बसतो, माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. मग बाग लावतो. झाडं माणसानंतर. मग माणूस एकटा पडलाय म्हणून जनावरं आणि पाखरं घडवून त्याच्यापुढे आणतो; माणूस त्यांना नावं देतो, पण जोडीदार काही सापडत नाही. शेवटी त्याला गाढ झोप लावून त्याच्या फासळीपासून बाई घडवतो. म्हणजे क्रम असा: पुरुष, झाडं, जनावरं, स्त्री. पहिल्या अध्यायात झाडं, जनावरं, मग स्त्री-पुरुष सोबत. दिवसांचा हिशोब दुसऱ्या अध्यायात नाहीच. आणि पहिल्या अध्यायात नुसता 'देव' असतो, दुसऱ्यात तो 'परमेश्वर देव' होतो. हा फरक आपल्या मराठी भाषांतरातही जसाच्या तसा दिसतो.

जोड आहे दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात, तेही वचनाच्या मध्यावर. अध्यायांची विभागणी मूळ लेखकांची नाही, ती युरोपात तेराव्या शतकात पडली, आणि पाडणाऱ्याची रेघ थोडी हुकली. विश्रांतीचा सातवा दिवस खरं तर पहिल्या कथेचा शेवट. तो दुसऱ्या अध्यायात जाऊन पडलाय.

ही तफावत विज्ञानाने दाखवून दिली असा एक समज आहे. तो चूक आहे. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने स्वच्छ विचारलं होतं की सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कुठून आली? ओरिजेन नास्तिक नव्हता, चर्चच्या आरंभीच्या मोठ्या पंडितांपैकी एक होता. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिनने उत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहिला. सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे सहा दिवस नव्हेत, देवाने सगळं एका क्षणात निर्माण केलं, असं त्याचं मत झालं. त्याच ग्रंथात त्याने आपल्याच लोकांना बजावलं आहे: ग्रहताऱ्यांबद्दल, प्राण्यांबद्दल ज्या गोष्टी इतरांना निरीक्षणाने आणि तर्काने पक्क्या माहीत आहेत, त्यांवर बायबलच्या नावाने अडाणीपणाने बोलू नका, लोक तुम्हाला हसतील आणि तुमच्यासोबत ग्रंथालाही. सोळाशे वर्षं झाली. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सर्व धर्मांच्या मंडळींना हा सल्ला पाठवावा असं मला कधीकधी वाटतं.

दोन कथांची जोडणी करणारे मात्र थांबले नाहीत. सर्वांत जुनी आणि साधी युक्ती अशी: पहिल्या अध्यायात विश्वाचं विहंगम दृश्य आहे, दुसऱ्यात त्यातल्या सहाव्या दिवसाचं जवळून चित्र. ऐकायला बरं वाटतं. पण मग माणसानंतर झालेल्या जनावरांचं काय करायचं? तिथे 'घडवली' या क्रियापदाचं 'आधीच घडवली होती' असं करावं लागतं, आणि काही भाषांतरांनी ते केलंही. कथा सांगते: जोडीदार हवा, म्हणून जनावरं घडवली, आणि त्यांत जोडीदार सापडला नाही. 'आधीच घडवली होती' म्हटलं की कथेचा कणाच मोडतो. दोन कथा वाचवायला निघालात आणि एक मारलीत, असा हा प्रकार.

1753 मध्ये जाँ आस्त्र्युक नावाच्या फ्रेंच वैद्याने नाव न घालता एक पुस्तक छापलं. देवाच्या दोन नावांवरून मजकुराचे दोन धागे वेगळे करता येतात, असं त्याने दाखवलं. गंमत अशी की परंपरेने या पुस्तकाचा लेखक मानलेल्या मोशेचं लेखकत्व त्याला वाचवायचं होतं. मोशेने जुनी कागदपत्रं हाताशी घेऊन ग्रंथ रचला, एवढंच त्याचं म्हणणं. पुढे जर्मन अभ्यासकांनी, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेलहाउझेनने, ते धागे पार उसवले. आज अभ्यासकांत तपशिलांवर भांडणं आहेत, पण बहुतेकांचं मत असं की सात दिवसांची कथा पुरोहितवर्गातून आली आणि ती यहुदी लोकांच्या बॅबिलोनमधल्या वनवासाच्या, म्हणजे इसवीसनपूर्व सहाव्या शतकाच्या आसपासची आहे. बॅबिलोनमध्ये मार्दुक देव तियामत या आदिजलाच्या राक्षसीला चिरून तिच्या देहाचं आकाश करतो. वनवासातला पुरोहित त्यांना उत्तर देतो की आमच्या देवाला कोणाशी लढावं लागलं नाही, तो नुसता बोलला. सूर्य-चंद्र चौथ्या दिवसावर ढकलण्यातही हाच डाव असावा. शेजारपाजारचे लोक सूर्य-चंद्राला देव मानत होते. या कथेत ते नावानेही येत नाहीत, नुसते मोठा दिवा आणि लहान दिवा. म्हणजे ज्या जागी आजचा शाळकरी मुलगा 'चूक' असं लाल शाईत लिहील, तिथेच लेखकाचं म्हणणं दडलेलं आहे.

या दोन्ही कथा एका ग्रंथात ज्याने बसवल्या, तो संपादक झोपला होता का? मला तसं वाटत नाही. त्याला विसंगती दिसत होती. पण दोन्ही परंपरा पवित्र, दोन्ही लोकांच्या ओठांवर. एक पुसायची तर कोणती? त्याने शिवण दिसू दिली. रफू करण्याचं काम नंतरच्यांनी अंगावर घेतलं.

ही कथा मराठीत आली ती याच रफूसकट. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडात जन्मलेले जेझुइट, 1579 मध्ये गोव्यात उतरले आणि 1616 मध्ये रायतूरला त्यांचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. जवळपास अकरा हजार ओव्या, मराठी भाषा, छपाई रोमन लिपीत. जुनी पुराणं हातातून गेलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना काहीतरी पुराण हवं होतं, आणि श्रोता विचारतो, पाद्री गुरू सांगतो, हा घाट आपल्याकडचाच. स्टीफन्स सृष्टीची कथा एकसंध सांगतात. दोन अध्यायांतला सांधा ओवीच्या ओघात विरून जातो, आणि देवदूतांच्या पतनाची कथाही त्यात येते, जी त्या दोन अध्यायांत कुठेच नाही. पुराणकाराने पुराणच लिहावं, त्यात वावगं काही नाही. पण त्या वर्षाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ख्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं त्याच 1616 मध्ये, मार्च महिन्यात, रोममध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर तो दुरुस्त होईपर्यंत बंदी आली. पृथ्वी फिरते हे म्हणणं बायबलच्या विरुद्ध जातं, असा ठपका होता.

कोपर्निकसचं नाव निघालं, तर आता पाथरीला जाऊ.

पाथरी म्हटलं की आज साईबाबांच्या जन्मस्थळाचा वाद आठवतो. पण कोपर्निकस ऐन तिशीत होता तेव्हा, म्हणजे 1503 च्या सुमारास, गोदाकाठच्या पार्थपुरात ज्ञानराज नावाचा ज्योतिषी 'सिद्धांतसुंदर' हा ग्रंथ रचत होता. पार्थपूर म्हणजे आपली पाथरी, असं अभ्यासक मानतात. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिःशास्त्रा'त, 1896 मध्ये, या घराण्याची नोंद मराठी वाचकांसाठी करून ठेवली. मुलगा सूर्यपंडितही मोठा गणिती. त्याने लीलावती आणि बीजगणितावर टीका लिहिल्या, शिवाय एक विलोमकाव्य लिहिलं, जे सरळ वाचलं तर रामाचं आणि उलट वाचलं तर कृष्णाचं. इतकी डोकी एका घरात, आणि पाथरीत त्यांच्या नावाची साधी पाटीही मला कधी दिसली नाही.

ज्ञानराजापुढची अडचण उत्पत्तीच्या वाचकांच्या अडचणीची सख्खी बहीण आहे. पुराणं सांगतात, पृथ्वी सपाट, मध्ये मेरू, भोवती द्वीपं आणि समुद्र, खाली आधाराला शेष, कूर्म. विस्तार पन्नास कोटी योजनं. ज्योतिषाचे सिद्धांतग्रंथ सांगतात, पृथ्वी गोल, आधाराशिवाय आकाशात, आणि परीघ भास्कराचार्यांच्या हिशोबाने 4967 योजनं. पन्नास कोटी कुठे आणि पाच हजार कुठे! भास्कराचार्यांनी 1150 मध्ये पुराणमताला सरळ उडवून लावलं होतं: पृथ्वीला आधार शेषाचा, मग शेषाला कोणाचा? आधाराखाली आधार देत कुठवर जाणार? शेवटचा जर स्वतःच्या शक्तीने राहतो, तर ती शक्ती पृथ्वीलाच का नको?

ज्ञानराजाला हे तोडून टाकणं रुचलं नाही. त्याच्या लेखी दोन्ही शास्त्रं खरी, तेव्हा विरोध दिसतो तो वरवरचा असला पाहिजे. पृथ्वी गोल हे त्याने मान्य केलं, पण आधाराची कल्पनाही सोडली नाही. त्याची एक युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. गिधाडासारखं अल्पबळाचं पाखरू चोचीत साप धरून प्रहरभर आकाशात राहू शकतं, मग अचिंत्य शक्तीचा देव कूर्मरूपाने पृथ्वीला कल्पभर आकाशात का धरू शकणार नाही? युक्ती म्हणून सुंदर आहे. गोदाकाठच्या माळावर उभं राहून वर पाहणाऱ्या माणसाचा हा दाखला आहे, पोथीतला नाही. पण भास्कराचार्यांच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे. भास्कराचार्य विचारत होते आधाराची गरज काय; ज्ञानराज सांगतो आधार अशक्य नाही. ग्रंथ वाचवायला निघालेला प्रत्येक जण, कोणत्याही धर्माचा असो, नकळत हीच अदलाबदल करतो. 'असंच आहे' हे दाखवायचं असतं, दाखवलं जातं ते 'असं असू शकेल'.

आणि तरी ज्ञानराजाला मी त्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांच्या पंगतीत बसवणार नाही. कारण ग्रहण काढायची वेळ आली की तो गोल पृथ्वी, तिची सावली, चंद्राचं अंतर हेच हाती घेतो. पन्नास कोटी योजनांवर ग्रहण काढता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुराणाचा मान राखला, पण गणितात पुराणाला हात घालू दिला नाही. ही रेघ त्याने कुठे ओढली हे तो बोलून दाखवत नाही. ते त्याच्या आकडेमोडीवरून समजतं.

आपल्याकडे याहून धीट वाटही होती. तैत्तिरीय उपनिषद सांगतं, आत्म्यापासून आधी आकाश, मग वायू, अग्नी, पाणी, पृथ्वी. छांदोग्य तेजापासून सुरू करतं, आकाश-वायूचं नावही काढत नाही. दोन अध्यायांचाच घोळ. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी यावर दोन उत्तरं दिली आहेत. एका ठिकाणी ते रीतसर रफू करतात: छांदोग्यातही आकाश आणि वायू आधी आहेत असं धरून घ्या. दुसऱ्या ठिकाणी म्हणतात, क्रम जुळो न जुळो, बिघडत नाही. सृष्टीचा तपशील सांगणं हा श्रुतीचा हेतूच नाही, सृष्टीचं मूळ कारण एकच आहे हे सांगणं हा हेतू. दोन्ही उत्तरं एकाच भाष्यात! पहिलं उत्तर वकिलाचं आहे. दुसरं मला ऑगस्टिनच्या शेजारी ठेवावंसं वाटतं.

आता विज्ञान. इथे मी लांबण लावणार नाही, कारण परभणीकराला भूगर्भशास्त्राचं पुस्तक नको, विहीर पुरे. काळी माती संपली की मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. आणि कुठे कुठे दोन पाषाणांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा. तो पट्टा सांगतो की लाव्ह्याचा एक थर निवला, त्यावर ऊन-पाऊस झाले, त्याची माती झाली, आणि मग दुसरा थर येऊन बसला. अशा थरांवर थर चढून आपलं दख्खनचं पठार झालं, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 मध्ये बायबलातल्या वंशावळ्या जोडून सृष्टीचा आरंभ इसवीसनपूर्व 4004 मध्ये काढला होता. हसू नका, त्या काळच्या साधनांनी तो कसून केलेला हिशोब होता. पण विहिरीच्या भिंतीपुढे तो टिकत नाही.

मग जोडणीवाले म्हणतात, दिवस म्हणजे युग. एक दिवस म्हणजे कोट्यवधी वर्षं. तरी झाडं सूर्याच्या एक युग आधी आणि पाखरं जमिनीवरच्या जनावरांच्या आधी, हे राहतंच. शिवाय मजकूर निर्मितीच्या सहाही दिवसांना संध्याकाळ आणि सकाळ देतो. आपल्याकडेही याच जातीचा एक संदेश दर महिन्याला येतो: कल्प 432 कोटी वर्षांचा, विज्ञानाने पृथ्वीचं वय 454 कोटी काढलं, बघा, पूर्वजांना माहीत होतं! अहो, कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा पूर्ण दिवस. आपल्याच पंचांगाप्रमाणे त्यातली 197 कोटींच्या आसपास वर्षं सरली आहेत. पृथ्वीचं वय त्याच्या दुपटीहून जास्त निघालं. म्हणजे जुळवायला जावं तर आपल्या ग्रंथाचा हिशोब आपणच नीट वाचलेला नसतो. 454 कोटी हा आकडा उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून आला. पॅटरसन या शास्त्रज्ञाने 1956 मध्ये काढलेला आकडा आजही जवळपास तसाच उभा आहे.

विज्ञानातही दोन कथा असतात, हे लपवण्याचं कारण नाही. जिंतूरच्या पुढे जिल्ह्याची हद्द ओलांडली की बुलढाण्यातलं लोणारचं तळं. पुराणात तिथे विष्णूने लवणासुराला मारलं. शास्त्रज्ञांतही कोणी ज्वालामुखी म्हणत, कोणी उल्का. 1973 मध्ये आघाताने काच झालेल्या खनिजाचा पुरावा छापून आला आणि उल्केच्या बाजूने निकाल लागला. वयाचं मात्र बघा: एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार. दहापटीहून जास्त फरक! पण इथे कोणी म्हणत नाही की दोन्ही आकडे पवित्र आहेत, 'हजार' म्हणजे 'दहा हजार' समजा. एक तरी चूक आहे हे सगळे धरून चालतात, आणि पुन्हा नमुने घ्यायला तळ्यात उतरतात.

श्रद्धा जपणं आणि पुरावा तपासणं या दोन कामांची सरमिसळ झाली की काय होतं, हे जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूने ओळखलं होतं. विश्वाचा विस्तार एका आदिअणूपासून झाला ही कल्पना त्याने 1931 मध्ये मांडली. आज आपण तिला महास्फोट म्हणतो. 1951 मध्ये पोप बाराव्या पायस यांनी या सिद्धांतात 'प्रकाश होवो' या वचनाची साक्ष असल्याचं जाहीर भाषणात सूचित केलं. कोणी दुसरा असता तर पेढे वाटले असते. लमेत्रला ते पसंत पडलं नाही. सिद्धांत उद्या चुकीचा ठरू शकतो, मग त्याला टेकून उभ्या केलेल्या श्रद्धेचं काय? पोपनी पुढे तो सूर लावला नाही.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, बरं झालं, कथा म्हणजे कथा, विज्ञान म्हणजे विज्ञान, घरी जाऊ. इतकं स्वस्तात सुटता येत नाही. सृष्टिकथा नुसत्या कथा राहत नाहीत, त्यांतून माणसांच्या जागा ठरतात. आदिपुरुषाच्या मुखातून एक वर्ण आणि पायांतून दुसरा, ही कल्पना कोणी खगोलशास्त्र म्हणून वापरली नाही. ती गावाच्या वेशीवर वापरली. म्हणून जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी'त तिला मुद्दाम अक्षरशः घेतलं आणि विचारलं, मुखातून जन्म झाला तर मुखाला गर्भाशय होता काय? पंडितांना तो आचरटपणा वाटला. पण ज्याच्या पाठीवर रूपकाचे वळ उठतात, त्याने रूपकाचा शब्दशः हिशोब मागितला तर त्यात आचरट काय आहे?

उत्पत्तीच्या दोन कथांचंही तसंच. पहिलीत स्त्री आणि पुरुष एकाच वाक्यात, एकाच प्रतिमेत निर्माण होतात. दुसरीत आधी पुरुष, मग त्याच्या फासळीतून ती. आणि नव्या करारातल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रात हाच क्रम पुढे करून बाईने शिकवू नये असं सांगितलं आहे. ज्यांनी दोन कथांची एक केली, त्यांनी बहुतेक वेळा दुसरीचा क्रम राखून पहिलीचा आवाज बुजवला. जोडणीची किंमत कोणी मोजली ते यावरून दिसतं. पंडिता रमाबाईंनी संस्कृतावर पोसलेल्या बुद्धीने हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल मराठीत आणलं. छपाईचं कामही तिथल्या बायकांनी केलं, आणि तो ग्रंथ 1924 मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, बाहेर आला. टाकून दिलेल्या, विधवा झालेल्या बायका उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा खिळा न खिळा जुळवत असतील, तेव्हा त्यांना दोन कथांतला फरक दिसला नसेल असं मी मानायला तयार नाही.

कॅथलिक लग्नविधीत जुन्या करारातून वाचायच्या उताऱ्यांची यादी असते. तिच्यात पहिल्या अध्यायातला स्त्री-पुरुष एकत्र घडवल्याचा उतारा आहे आणि दुसऱ्या अध्यायातला फासळीचाही. चर्चने दोन्ही ठेवले आहेत, वेगवेगळे, आणि निवड करायला मुभा आहे. वसईच्या एखाद्या लग्नाला गेलात तर व्यासपीठावर कोणता उतारा उघडला जातो ते कान देऊन ऐका, आणि जेवणाच्या पंगतीत नवरीला विचारा की तो कोणी निवडला.